नकाराच्या पुढची ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. हळ्ळीखेडच्या बसथांब्याजवळ एक संगणक केंद्र आहे, तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. मला रंग नाही, वजन नाही, चाके नाहीत. त्यामुळे शाळेत निबंधाला विषय देताना गुरुजी फाटक्या छत्रीपर्यंत जातात, पण माझ्यापर्यंत कोणी येत नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणून म्हटले, आपली गोष्ट आपणच सांगावी.

माझे काम निरोप्याचे. तुम्ही इंटरनेटवर जी पाने बघता ती माणसांच्या डोळ्यांसाठी असतात. पण मोठ्या संस्थांना मागच्या बाजूने आणखी एक खिडकी असते. तिला वेब सर्व्हिस म्हणतात. तिथे माणसे जात नाहीत, माझ्यासारखे प्रोग्राम जातात. ठरलेल्या रीतीने पाकीट तयार करायचे, खिडकीत द्यायचे आणि उत्तर घेऊन परत यायचे. असे काम करणाऱ्याला क्लायंट म्हणतात. खिडकीपलीकडचा कारकून फार कडक असतो. पाकिटात एक खूण इकडची तिकडे झाली की तो ते परत फेकतो. त्याला आर्जव कळत नाही आणि ओळखीही चालत नाहीत.

माझा जन्म सुकन्येच्या हातून झाला. ती नरसिंहरावांची मुलगी. नरसिंहराव खटकचिंचोळीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि बसून कंटाळा येतो म्हणून त्यांनी हे केंद्र काढले. सुकन्या हैदराबादेत मोठ्या कंपनीत होती. ज्या वर्षी तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या, त्या वर्षी इकडे कंपन्यांनी माणसे घरी पाठवली. त्यात तीही आली. गावाला वाटले सुट्टीवर आलीय. तिने कोणाला काही सांगितले नाही. दिवसभर ती या संगणकासमोर बसायची.

पुढच्याच उन्हाळ्यात पॉलिटेक्निकच्या प्रवेश मंडळाने नवी पद्धत आणली. मुलांना जागा मिळाली की ती ठरलेल्या मुदतीत स्वीकारायची, नाहीतर ती पुढच्या नंबराला जाते. हे सगळे इंटरनेटवर. आता आमच्याकडची टेलिफोनची तार तुम्हाला माहीत नाही. मंडळाचे पान उघडायला घेतले की आधी वरची पट्टी दिसायची, मग चहा पिऊन यावे तेव्हा खालची चौकट दिसायची, आणि 'स्वीकारतो' हे बटण दिसेपर्यंत सगळेच बंद पडायचे. पण मंडळाने गावोगावच्या केंद्रांसाठी मागची खिडकीही उघडली होती. तिथे फक्त एक लहानसे पाकीट पाठवायचे. ते आमच्या तारेवरूनही जाऊ शकत होते. फक्त पाकीट नेणारा निरोप्या ज्याचा त्याने तयार करायचा होता.

सुकन्येने मला शून्यातून लिहिले नाही. तेवढी सवड नव्हती. तिने मोकळा कोड आणला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. म्हणजे कुणीतरी परदेशातल्या माणसाने पाकिटे नेणारा प्रोग्राम लिहिला आणि आतले सगळे जगाला बघायला ठेवले. घ्या, वापरा, बदला, फक्त माझे नाव पुसू नका. माझे हात असे एकाने लिहिलेले आहेत, पाय दुसऱ्याने, आणि कुलूपकिल्लीचे ज्ञान तिसऱ्याने. मी कोणा कंपनीचा नाही याचा मला आजही अभिमान वाटतो.

जुळणी मात्र सोपी नव्हती. एक तुकडा आणला की तो म्हणे, मला अमुक तुकडा लागतो. तो आणावा तर म्हणे, मला जुनाच पाहिजे, नवा नको. लग्नघरी रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढावी तशी सुकन्या एकेकाची समजूत काढत होती. पहिल्यांदा तिने मला कंपाइल केले, म्हणजे सगळा कोड एकत्र करून चालता केला, तेव्हा पडदाभर चुकाच चुका आल्या. ती चिडली नाही. पहिली चूक सुधारली की खालच्या वीस आपोआप जातात हे तिला माहीत होते. अशा रीतीने मी उभा राहिलो.

एक गोष्ट तिने स्वतः ठरवून माझ्यात घातली. प्रत्येक मुलाने मंडळाकडे आपला एक गुप्त आकडा ठरवलेला असे. जागा स्वीकारताना तो द्यावा लागे. तो मी कुठेही लिहून ठेवायचा नाही, एकदा पाकिटात घातला की विसरून जायचा, अशी मला तिची सक्त ताकीद होती. "ज्याचा आकडा त्यानं स्वतः टाकावा. आपण दुसऱ्याच्या किल्ल्या सांभाळायच्या न्हाईत," ती वडिलांना म्हणाली होती. वडिलांना ती अप्पा म्हणे, म्हणून मीही त्यांना अप्पाच म्हणतो.

पहिल्या फेरीत मी झकास काम केले. हळ्ळीखेड, दुबलगुंडी, चांगली आठ-दहा गावांची मुले आली. मी पाकीट न्यायचो आणि 'स्वीकारले' असे उत्तर आणायचो. पेढे वाटले गेले. अप्पांनी संगणकाला हळदकुंकू लावले, ते माझ्यासाठीच होते असे मी धरून चाललो. हुमनाबादच्या एका केंद्रवाल्याने येऊन विचारले, "कुठून विकत आणलाव?" तेव्हा सुकन्या हसली आणि माझा आख्खा कोड त्याला फुकट भरून दिला. मला जरा वाईट वाटले, पण मी स्वतःच फुकट आलेला. बोलणार काय?

आता ज्या दिवसासाठी ही गोष्ट सांगतो आहे त्या दिवसाकडे येतो. दुसऱ्या फेरीचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

दुपारी दुबलगुंडीहून धनलक्ष्मी आली. दहावी झालेली, सडसडीत, बोलायला लाजणारी. बरोबर तिची आई अनसाबाई आणि त्यांच्या डोईवर एक मोठे गाठोडे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. आता धनलक्ष्मीचे वडील बिराप्पा हैदराबादेत इमारतीच्या कामावर होते. अनसाबाईही तिकडेच असत. दहावी होईपर्यंत मुलगी आजीकडे राहिली होती. आता आई तिला न्यायला आली होती, कारण तिकडच्या मेस्त्रीने कामाला दोन बायका आणायला सांगितल्या होत्या. सव्वापाचच्या बसने हुमनाबाद, तिथून हैदराबाद, असा त्यांचा बेत होता.

आणि त्याच सकाळी शाळेतून कळले होते की धनलक्ष्मीला गुलबर्ग्याच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली आहे. मुलींचे वसतिगृहही होते.

अनसाबाई दारातच गाठोडे ठेवून म्हणाल्या, "हे बघा बाई, नंबर लागला असंल तर शिकू दे. म्या आडवी येत न्हाई. तिच्या बापालाबी सांगून ठेवलंय. पर तुमचं यंत्र न्हाई म्हनलं तर पोरीनं गाडीत बसायचं. मंग रडायचं न्हाई."

"व्हय आई," धनलक्ष्मी म्हणाली.

सुकन्या म्हणाली, "मावशी, नंबर लागलाय. नुसतं 'व्हय' कळवायचं हाय. बसा की." तिला वाटले, दोन मिनिटांचे काम.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. सुकन्येचा मोबाइलही चार्जिंगविना बंद पडला होता. दुपारी वीज आली तेव्हा ती जेवत होती आणि अप्पांनीच येऊन संगणक सुरू करून ठेवला होता. धनलक्ष्मी खुर्चीत बसली. तिने आपला आकडा टाकला. मी पाकीट बांधले, तारेवरून गेलो, खिडकीत दिले आणि उत्तर घेऊन आलो.

पडद्यावर इंग्रजीत उमटले: 'नाकारले.'

सुकन्येने भुवया उंचावल्या. "आकडा चुकला का गं?"

"न्हाई अक्का. बरुबर टाकले."

पुन्हा टाकला. पुन्हा 'नाकारले.' तिसऱ्यांदाही तेच.

दाराशी बसलेल्या अनसाबाईंना वाचता येत नव्हते, पण त्यांना मुलीच्या पाठीवरून कळले.

मित्रांनो, माझी अवस्था त्या वेळी काय झाली असेल याची कल्पना करा. खिडकीवाल्याने मला नुसते हाकलले नव्हते. तो कडक असला तरी खडूस नव्हता. त्याने पाकीट परत देताना कारण लिहून दिले होते. पण उत्तर वाचण्याचा माझा जो भाग होता, तो त्या परदेशी माणसाने घाईत लिहिलेला. तो उत्तराची पहिली ओळ वाचायचा आणि बाकीचे टाकून द्यायचा. तिथे त्याने स्वतःसाठी एक टीपही लिहून ठेवली होती, 'कारण दाखवण्याची सोय नंतर करू.' त्याचे ते नंतर कधी आलेच नव्हते. म्हणजे कारण माझ्या हातात होते आणि सांगायला तोंड नव्हते. नुसते 'नाकारले, नाकारले' ओरडत बसायची माझ्यावर वेळ आली.

सुकन्येने शोध सुरू केला. आधी खिडकीचा पत्ता तपासला. तो बरोबर होता. मग केंद्राचा परवलीचा शब्द तपासला. तोही बरोबर. मग तिला आठवले की आदल्या दिवशी तिने माझ्यातला एक भाग जरा नीटनेटका केला होता. तिचा चेहरा उतरला. "मीच काय तरी बिघडवून ठेवले वाटतं," ती पुटपुटली. तिच्याकडे माझी आदल्या आठवड्याची प्रत जपून ठेवलेली होती. ती काढली, चालवली. धनलक्ष्मीने मुकाट्याने आकडा टाकला.

'नाकारले.'

एवढ्यात अप्पा आत आले. सुकन्या म्हणाली, "अप्पा, तार खराब असंल का? पाकीट अर्धं पोचायलंय की काय कळंना. जरा टेलिफोन एक्स्चेंजला जाऊन विचारून या की."

"जातो की. तू घाबरू नको," म्हणत अप्पा स्कूटर घेऊन गेले. शेजारच्या दुकानातल्या फोनवरून मंडळाच्या मदत-क्रमांकालाही फोन लावून झाला होता. तो सारखा व्यस्त लागत होता. शेवटचा दिवस म्हटल्यावर सगळा जिल्हा तिथेच लागलेला असणार. तिने मंडळाचे नेहमीचे पानही उघडून बघितले. वरची पट्टी आली आणि पुढे सरकेना.

खोलीत दुसरे घड्याळ नव्हते. सगळ्यांचे डोळे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या वेळेवर होते. चार वाजून गेले. साडेचार होत आले. धनलक्ष्मी खुर्चीच्या कडेला बसली होती आणि ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ते न्हाई कामून म्हनायलंय?"

त्या 'का?'वर सुकन्येचे हात थांबले. ती मुलीकडे वळली. "खरंच की," ती म्हणाली, "ते मी त्याला इचारलेच न्हाई."

तिने मला उघडले. मी बंद डब्यातला प्रोग्राम असतो तर ती तिथेच हरली असती. कंपनीला पत्र लिही, उत्तराची वाट बघ, असे झाले असते. पण माझे सगळे मोकळे. ती एकेक फाइल उघडत आत आत शिरत गेली. शेवटी उत्तर वाचणारा तो भाग सापडला आणि त्याखालची ती टीपही. तिने ती वाचली आणि दात-ओठ खाल्ले. "नंतर करू म्हणे. अरे बाबा, कधी?"

मग तिची बोटे पळू लागली. आलेले उत्तर पूर्ण वाचायचे, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि जसेच्या तसे पडद्यावर दाखवायचे. चार-पाच ओळींचेच काम होते. पण घाईत एक कंस राहिला आणि कंपाइल करताना चूक आली. पावणेपाच झाले. कंस घातला. दुसरी चूक आली. ती सुधारली. या वेळी संगणक कामाला लागला, पण तो म्हातारा. सगळे तुकडे पुन्हा एकत्र करताना त्याला धाप लागत होती. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती आणि कोपऱ्यातला आकडाही सरकत होता.

"चल की रे, चल की," सुकन्या संगणकाला म्हणाली.

तुकडे जुळत होते. मी अर्धा जागा, अर्धा झोपेत. पाच वाजायला एक मिनिट राहिले. आणि मी पुरता जागा व्हायच्या आत कोपऱ्यात पाच वाजले.

पाच वाजून एक मिनिट झाले तेव्हा अनसाबाई उठल्या. त्यांनी गाठोडे उचलले.

"चल धना. गाडी चुकंल."

धनलक्ष्मी उठली. रडली नाही. रडायचे नाही असे ठरलेच होते. दारात जाऊन वळली आणि म्हणाली, "अक्का, तुमी लई केलाव. येतो." आणि त्या दोघी गेल्या.

सुकन्या खुर्चीत बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते. नोकरी गेली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती, असे अप्पा सांगत. पण कंपाइल संपल्याची ओळ आली तशी तिने नाक ओढले आणि पुन्हा पुढे सरकली. आता उपयोग नव्हता. पण हरलो तर कशाने हरलो हे तरी कळले पाहिजे, असा तिचा स्वभाव. गुप्त आकडा तिच्याकडे नव्हता. त्या जागी तिने नुसती शून्ये टाकली आणि मला पाठवले.

मी गेलो आणि आलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बोललो.

'नाकारले. कारण: पाकिटावर घातलेली वेळ अजून झालेली नाही.' आणि त्याखाली दोन वेळा होत्या. पाकिटावरची, पाच वाजून चार मिनिटे. खिडकीवरची, पाचला बारा मिनिटे कमी.

हे नीट सांगतो. जुने पाकीट चोरून कोणी पुन्हा वापरू नये म्हणून आम्हा निरोप्यांना प्रत्येक पाकिटावर वेळ घालावी लागते. माझ्याकडे घड्याळ नाही. संगणक सांगेल ती वेळ मी उमटवतो. खिडकीवर आधी वेळ बघतात, बाकीचे नंतर. थोडा फरक चालतो, जास्त चालत नाही. आणि आमच्या संगणकातली बारकी बॅटरी मेली होती. वीज गेली की त्याला तारीख-वेळ आठवत नसे. एरवी सुकन्या ती नीट लावायची. त्या दिवशी अप्पांनी लावली, आपल्या मनगटावरच्या घड्याळावरून.

आणि अप्पांचे घड्याळ पुढे असायचे. आमच्या बाजूला बसने नोकरीला जाणाऱ्या माणसाचे घड्याळ पुढेच असते. सकाळची एक गाडी चुकली की दुसरी थेट दुपारी, म्हणून घड्याळच पुढे लावून टाकायचे. अप्पांनी तीस वर्षे तसेच केले होते. माणूस निवृत्त झाला, घड्याळ झाले नाही. घरच्यांना ते माहीत होते आणि सगळे मनातल्या मनात वजाबाकी करायचे. पण तीच वेळ संगणकात जाऊन बसल्यावर कोण वजाबाकी करणार? संगणकाची वेळ चुकेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

सुकन्येने त्या दोन वेळा वाचल्या. एकदा, दोनदा. मग खुर्ची मागे पडली इतक्या जोरात ती उठली.

"पाच वाजलेच न्हाईत!"

ती दारात धावली. अप्पा नुकतेच स्कूटर लावत होते. "अप्पा, उतरू नका! धनलक्ष्मीला घेऊन या. थांब्यावर असंल. पळा!"

"अगं पण पाच तर..."

"तुमचं घड्याळ, अप्पा!"

अप्पांनी मनगटाकडे बघितले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सुकन्येने पुढे कितीदा तरी सांगितलेल्या हकिकतीतूनच माहीत आहे. त्यांनी स्कूटर तशीच वळवली.

तेवढ्यात सुकन्येने संगणकाची वेळ खिडकीवरच्या वेळेशी जुळवली. आता कोपऱ्यातला आकडा खरा होता आणि तो बघवत नव्हता. बाहेर स्कूटरचा आवाज आला. धनलक्ष्मी आत धावत आली. तिच्या पायात एकच चप्पल होती.

"बस. आकडा टाक."

तिने आकडा टाकला. मी पाकीट बांधले, खरी वेळ घातली आणि निघालो. खिडकीवर ही गर्दी! सगळ्या जिल्ह्यांचे निरोपे एकावर एक. मी पाकीट आत सरकवले आणि उत्तरासाठी उभा राहिलो. पण माझ्या अंगात थांबायलाही मर्यादा घातलेली आहे. तेवढ्या वेळात उत्तर आले नाही तर मला परत फिरावेच लागते. मी रिकाम्या हाताने परत आलो.

'उत्तर आले नाही.'

"देवा," अप्पा म्हणाले.

"पुन्हा टाक," सुकन्या म्हणाली. दारात अनसाबाई येऊन उभ्या होत्या. त्या थांब्यावरून गाठोड्यासकट चालत आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती.

धनलक्ष्मीने पुन्हा आकडा टाकला. पाच वाजायला दोन मिनिटे होती. मी गेलो. गर्दीतून घुसलो. पाकीट दिले. थांबलो. माझी मर्यादा संपत आली तेव्हा कारकुनाने उत्तर माझ्या हातात ठेवले आणि मी जीव घेऊन परत पळालो.

पडद्यावर पहिली ओळ उमटली.

'नाकारले.'

धनलक्ष्मीने ती वाचली. तेवढे इंग्रजी तिला येत होते. तिने हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. अप्पा भिंतीला टेकले. दुपारपर्यंतचा मी असतो ना मित्रांनो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती मुलगी उठून बसमध्ये बसली असती आणि कोणाला कधीच काही कळले नसते. पण आता मी गप्प बसणारा राहिलो नव्हतो. माझ्या पोटात आता त्या पाच ओळी होत्या. मी पुढचे बोललो.

सुकन्येने मोठ्याने वाचले, एकेक शब्द. "कारण: ही जागा... याच विद्यार्थिनीने... आधीच स्वीकारलेली आहे."

खरी वेळ घातलेले पहिले पाकीट पोचले होते. त्याचे उत्तर तेवढे गर्दीत अडकले होते.

"म्हंजी?" दारातून अनसाबाई म्हणाल्या. "न्हाई का व्हय? काय ते एक सांगा."

"व्हय मावशी," सुकन्या म्हणाली. "व्हय. नंबर तिचाच झाला."

अनसाबाई गाठोडे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला होता, हे मी नक्की सांगतो. पण त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? त्यांनी गाठोडे खाली ठेवून सोडले. आमच्या केंद्राच्या फरशीवर, माझ्यासमोर. त्यात दोघींचे एकत्र बांधलेले होते. त्या एकेक कपडा काढून बाजूला ठेवू लागल्या. हा तुझा, हा तुझा, हा माझा. पांघरायला घोंगडी एकच होती. त्यांनी ती मुलीच्या ढिगावर ठेवली. धनलक्ष्मीने उचलून आईच्या ढिगावर ठेवली. आईने पुन्हा उचलून मुलीच्या ढिगावर ठेवली आणि वर हात दाबून धरला.

"तिकडं गरम असतंय," त्या म्हणाल्या. "सिमिटाच्या भिंती."

बसचा हॉर्न वाजला. राहिलेले गाठोडे फारच लहान झाले होते. अनसाबाईंनी ते डोईवर न घेता काखेत मारले. मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे, एकदा बघितले. आणि एकट्याच बसमध्ये जाऊन बसल्या. आता रडायला हरकत नव्हती, तेव्हा धनलक्ष्मी रडली. बस दिसेनाशी झाली तरी ती दारातच उभी होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. सुकन्येने त्या पाच ओळी त्या परदेशी माणसाला पाठवून दिल्या. मोकळ्या कोडाची ती रीतच आहे, आपण सुधारले ते सगळ्यांना द्यायचे. त्याने आभार मानले आणि त्या आपल्या कोडात घातल्या. आज जगभर माझी जी भावंडे आहेत ती नकार देताना कारण सांगतात. त्यांच्यापैकी एकालाही हळ्ळीखेड माहीत नाही. पुढच्या वर्षी सुकन्येला बेंगळूरला नोकरी लागली. मंडळाने ती खिडकी बंद करून दुसरीकडे नवी उघडली, आणि माझी पाकिटे निरुपयोगी झाली. मी एका कप्प्यात पडून राहिलो. जागा भरली म्हणून अप्पा दोनदा मला पुसायला निघाले होते. दोन्ही वेळा त्यांचा हात थांबला.

धनलक्ष्मी सुट्टीत येते. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या खेपेला तिने मला उघडले आणि पहिल्या ओळीपासून वाचत बसली. मधेच हसली आणि अप्पांना म्हणाली, "सर, आमच्या आईला तुमच्या या प्रोग्रामनं बिघडवून ठेवलंय बघा."

"कामून? काय झालं?"

"मेस्त्री न्हाई म्हनला, की आई तिथंच हुभी ऱ्हायलीय. रजा न्हाई म्हनला, कामून? पोरास्नी शाळेत घेत न्हाईत म्हनले, कामून? हलतच न्हाई. बाबा म्हनत्यात, तिला घेऊन कुठं जायची सोय राहिली न्हाई. पर त्या बिल्डिंगीवरची चार पोरं यंदा शाळेत बसलीत."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझी खिडकी बंद झाली, उद्या अप्पांचा हात थांबला नाही तर मी पुसला जाईन. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या खिडकीच्या आत बसाल. तुम्हालाही कधी कोणाला नाही म्हणावे लागेल. तेव्हा घाई करू नका, पुढची ओळही सांगा. आणि खिडकीच्या बाहेर उभे असाल, तर अनसाबाई उभ्या राहतात तसे उभे राहा, ती ओळ ऐकल्याशिवाय हलू नका.